प्रशिक्षणाला जाऊन मन घट्ट होते का?

सकाळची लोकल आसनगावला रिकामी होते, तेव्हा उतरणाऱ्यांत शिक्षक हमखास असतात. खांद्याला बॅग, बॅगेत डबा आणि तपासलेल्या वह्या. स्टेशनाबाहेर किन्हवली, शेणवे, डोळखांबकडे जाणारी जीप भरेपर्यंत थांबायचे. मुरबाडला रेल्वेच नाही. तिथले गुरुजी कल्याणहून एसटीने किंवा स्वतःच्या मोटारसायकलने सरळगाव, धसई, टोकावड्याचे फाटे गाठतात. शाळा भरायच्या आधीच शिक्षकांच्या ग्रुपवर मोबाइल वाजलेला असतो: ‘ज्या शाळांची माहितीची लिंक बाकी आहे त्यांनी आजच भरावी. तातडीचे.’

याच ग्रुपवर एखाद्या दिवशी निरोप येतो, की शिक्षकांच्या मानसिक सक्षमीकरणाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण आहे, उपस्थिती अनिवार्य. मग कुणीतरी लिहितेच, ‘आता मनाचीही लिंक भरायची का?’ विनोद चांगला आहे आणि त्यात शंकाही खरी आहे. असल्या प्रशिक्षणाने काही होते का, होत असेल तर कशाने, आणि कुठवर, ते शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून पाहू.

मानसिक भांडवल म्हणजे काय

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातले व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक फ्रेड लुथान्स यांनी ‘मानसिक भांडवल’ ही कल्पना मांडली. कॅरोलिन युसेफ आणि ब्रूस अव्होलिओ यांच्यासह लिहिलेले त्यांचे या विषयावरचे पुस्तक २००७ साली आले. पैशाचे भांडवल म्हणजे तुमच्याकडे काय आहे, ज्ञानाचे म्हणजे तुम्हाला काय येते, ओळखीपाळखीचे म्हणजे तुम्ही कुणाला ओळखता. मानसिक भांडवल म्हणजे तुम्ही कोण आहात आणि कोण होऊ शकता. त्यात त्यांनी चार गोष्टी धरल्या: आशा, ‘मला हे जमेल’ ही खात्री, पडल्यावर सावरण्याची ताकद आणि आशावाद. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘हिरो’ असा शब्द तयार होतो, म्हणून प्रशिक्षकांना ही चौकडी फार प्रिय आहे.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या चारही गोष्टी स्वभावासारख्या पक्क्या नाहीत, आणि आजच्या मूडसारख्या तासातासाला बदलणाऱ्याही नाहीत. भातशेतीच्या भाषेत सांगायचे तर स्वभाव म्हणजे बियाण्याची जात, मूड म्हणजे आजचा पाऊस, आणि हे भांडवल म्हणजे खाचराचा बांध. बांध घालता येतो, डागडुजी करता येते, आणि दुर्लक्ष केले तर तो फुटतोही. प्रशिक्षणाचा दावा या बांधापुरताच आहे.

इथला भार कशाचा

ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. उरलेल्या जिल्ह्यात आदिवासी पाड्यांचा मोठा पसारा शहापूर आणि मुरबाडमध्येच आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. बऱ्याच शाळा द्विशिक्षकी. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, आणि त्यातला एक मुख्याध्यापकाचे कागद सांभाळणारा. दुसरा रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की शाळा एकशिक्षकी. पहिलीतले मूल घरी ठाकरी किंवा कातकरी बोलते, गुरुजी आलेले नगर किंवा बीडकडचे, पुस्तक प्रमाण मराठीचे. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात, पण उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो आणि त्या दिवशी मोठ्या मुली हंड्यांच्या रांगेत असतात.

त्यावर अशैक्षणिक कामे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७वे कलम सांगते, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी सोडून अन्य बिगरशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत. यातल्या ‘निवडणुका’ या एका शब्दात मतदारयादीचे काम करणाऱ्या बीएलओचे अख्खे वर्ष मावते. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस, आधार जुळवणी या गोष्टी तर ‘शैक्षणिक’च ठरतात. पट घसरला की संचमान्यतेत अतिरिक्त ठरण्याची धास्ती. आणि १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांवरही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होण्याची अट आली. वीस-वीस वर्षे शिकवत आलेली माणसे रात्री पुन्हा बालमानसशास्त्राची गाइडे घेऊन बसली आहेत. त्यांना ‘सकारात्मक राहा’ एवढेच सांगणारा प्रशिक्षक नको असतो, हे वेगळे सांगायला नको.

आशा: एक ध्येय, अनेक वाटा

चौघींत मला सर्वांत उपयोगी वाटते ती आशा, कारण तिचा कागदावर सराव करता येतो. मराठीत आशा आणि आशावाद सख्ख्या बहिणी वाटतात, मानसशास्त्रात त्या वेगळ्या आहेत. कॅन्सस विद्यापीठाच्या सी. आर. स्नायडर यांनी १९९०च्या दशकात आशेची फोड केली ती अशी: ध्येय ठरलेले हवे, तिथे जाण्याचा निर्धार हवा, आणि वाटा सुचायला हव्यात. एक वाट बंद झाली की दुसरी. निर्धार असून वाटा सुचत नसतील तर माणूस भिंतीवर डोके आपटत राहतो. आपल्याकडच्या तळमळीच्या शिक्षकांचे बहुधा हेच होते.

इथल्या नेहमीच्या प्रश्नावर हा सराव करून पाहू. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको दोघे भट्टीवर लागतात, तान्ह्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण लागते. शाळेच्या हजेरीपत्रकावर तिच्या नावापुढे रेघ सुरू होते. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात निघते आणि तिथेच चर्चा संपते.

आशेचा सराव इथे सुरू होतो. पहिली पायरी, ध्येय नेमके करायचे. ‘स्थलांतर थांबवणे’ हे गुरुजींच्या हातातले ध्येय नाही. ‘तिसरीतल्या चार मुली जूनमध्ये परततील तेव्हा आज वाचतात तेवढे तरी वाचता यावे’ हे आहे. दुसरी पायरी, वाटा लिहायच्या, आणि त्या शेजारच्या शाळेच्या शिक्षकाबरोबर बसून लिहायच्या. आजी गावातच राहत असेल तर मूल तिच्यापाशी ठेवता येईल का? हंगामी वसतिगृह किंवा आश्रमशाळा? मुलीसोबत शिक्षण हमी पत्रक दिले, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत तिला बसता येईल, पण तिथल्या मुख्याध्यापकांना आधी फोन कोण करणार? बापाच्या फोनवर आठवड्यातून एकदा गोष्ट पाठवता येईल का? तेवढे नेटवर्क आणि रिचार्ज असेल का? काहीच नाही तर पिशवीत पाच पातळ गोष्टींची पुस्तके.

तिसरी पायरी बहुतेक प्रशिक्षणांत गाळली जाते, आणि तीच खरी: प्रत्येक वाटेपुढे ती कुठे अडेल ते आधीच लिहायचे. आजी आजारी पडेल. वसतिगृहाला मंजुरी उशिरा येईल. बाप फोन विकेल. अडथळा आधी लिहिलेला असला की तो आला तरी माणूस ‘मला वाटलेच होते’ म्हणून बसत नाही, पुढच्या ओळीवर जातो. चारांपैकी दोनच मुली जूनमध्ये वाचत्या राहिल्या तरी त्या दोन मोजता येतात. पुढच्या दिवाळीला त्याच गुरुजींकडे यादी तयार असते.

‘जमेल’ ही खात्री कुठून येते

स्टॅनफर्डच्या अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली या खात्रीचे चार झरे सांगितले. स्वतः केलेले काम यशस्वी होणे, हा सर्वांत मोठा. आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणे, हा दुसरा. कुणी विश्वासाने ‘तुला येईल’ म्हणणे, हा तिसरा. आणि छातीत धडधड, थकवा, झोप अशा शरीराच्या अवस्थेचा आपण लावतो तो अर्थ, हा चौथा. सभागृहातले प्रशिक्षण जवळजवळ सगळे तिसऱ्या झऱ्यावर चालते, आणि एकटा तो झरा लवकर आटतो.

पहिला झरा कसा वाहतो त्याचे उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. फांगणे गावात जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू केली. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पोथी वाचता यावी अशी इच्छा होती. मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेची साथ मिळाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारीत, खांद्याला दप्तर लावून घरकाम-शेतकाम आटोपल्यावर वर्गात बसू लागल्या. जगभरचे कॅमेरे आले ते नंतर. गोष्ट सुरू झाली पाटीवर स्वतःचे नाव काढण्यापासून. अंगठ्याच्या जागी सही आली की त्या बाईला ‘मी शिकू शकते’ हे भाषण देऊन सांगावे लागत नाही. मास्तरांचेही तसेच असते. एका वर्गात, एका विषयात, पंधरा दिवसांत दिसेल एवढे छोटे यश आधी हवे.

दुसऱ्या झऱ्याची गंमत अशी, की पाहिलेला माणूस आपल्यासारखा वाटला तरच तो उपयोगी पडतो. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल शाळा उभी केली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ती पाहायला येऊ लागले. पाड्यावरची शाळा, जिल्हा परिषदेचाच गुरुजी, म्हणून ते पाहणाऱ्याला भिडत होते. उलट पुरस्कारप्राप्त शिक्षकाची चकचकीत चित्रफीत सभागृहात दाखवली की मागच्या रांगेत कुजबुज होते, ‘त्यांचे ठीक आहे हो.’ तेव्हा द्विशिक्षकी शाळेच्या बाईंना शेजारच्या केंद्रातली द्विशिक्षकी शाळाच दाखवावी. तीही पाहुणे येणार म्हणून सजवलेली नको, मंगळवारच्या साध्या दिवशीची.

शेजारच्या वाडा तालुक्यात सोनाळे इथे नीलेश निमकर यांनी २००७ साली स्थापन केलेली ‘क्वेस्ट’ ही संस्था शिक्षकांसोबत काम करते. मानसिक भांडवल हा शब्दही न उच्चारता तिथे हेच घडते: शिक्षकाला बालसाहित्य आणि भाषाशिक्षणाची नेमकी रीत द्यायची, आणि त्याच्या वर्गात जाऊन त्याच्याबरोबर उभे राहायचे. मूल वाचू लागले की बाईंची मान आपोआप ताठ होते.

सावरणे म्हणजे सोसणे नव्हे

तिसऱ्या गुणाला मराठीत ‘लवचिकता’ म्हणतात. शब्द फसवा आहे. ‘लवचिक म्हणजे कितीही वाकवा’ असा अर्थ शिक्षकांनी घेतला तर चूक त्यांची नाही. मी ‘सावरण्याची ताकद’ म्हणतो.

ही ताकद काही विरळ माणसांना मिळालेली देणगी नव्हे. मानसशास्त्रज्ञ अॅन मास्टन यांनी २००१ मध्ये तिला साध्यासुध्या गोष्टींची जादू म्हटले: नाती, सवयी, आधार. त्याआधी एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके पाठपुरावा केला होता. गरिबी, भांडणे, आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली निघाली. त्यांच्या आयुष्यात भरवशाचे एखादे मोठे माणूस होते, आणि काहींच्या बाबतीत तो शिक्षक होता. हे आपण प्रशिक्षणात मुलांसाठी सांगतो. तेच मास्तरांनाही लागू आहे.

म्हणून या भागाचा माझ्या मते सर्वांत चांगला सराव म्हणजे फोन नंबरांचा. पावसाळ्याचे दिवस, वर्गात साप निघाला, एक मूल घाबरून ओहोळाच्या वाटेने पळाले, जोडीदार शिक्षक तालुक्याला बैठकीला. पहिला फोन कुणाला? दुसरा? आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, शेजारच्या शाळेचे गुरुजी, १०८. ही पाच नावे कागदावर उतरवायला सांगितली की कळते, काहींना एकही नंबर तोंडपाठ नाही, कारण सहा महिन्यांपूर्वीच बदली होऊन ते इथे आलेत. सावरण्याची ताकद तिथून बांधायला लागते, ध्यानधारणेपासून नव्हे. ध्यानही करावे, पण नंतर.

आशावाद, डोळस

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मार्टिन सेलिग्मन यांच्या मते आशावाद म्हणजे घडलेल्या गोष्टीचे कारण आपण स्वतःला कसे समजावतो ती पद्धत. पौषात म्हसाची यात्रा भरली की आसपासच्या शाळांची हजेरी घसरते. एक बाई म्हणतील, ‘माझ्या वर्गात मुले बसतच नाहीत.’ दुसऱ्या म्हणतील, ‘यात्रा आहे, सोमवारी येतील.’ पहिल्या कारणात तीन दोष आहेत. ते सगळे स्वतःवर घेते, कायमचे ठरवते आणि सगळीकडे पसरवते. अर्थात सोमवारीही मुले आली नाहीत आणि बाई यात्रेलाच दोष देत राहिल्या, तर तो आशावाद नव्हे, डोळेझाक.

हे वळण शिकवण्याचे अवजार मराठीत आधीपासून आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ती हजारो लोकांपर्यंत नेली. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. घटना: केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर आपल्या शाळेचे नाव ‘लिंक बाकी’ म्हणून टाकले. परिणाम: रात्री झोप नाही, सकाळी मुलांवर चिडचिड. मधला रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात, तो भरायचा: ‘सगळ्यांसमोर मी कामचुकार ठरलो आणि हे मला सहन होणे शक्य नाही.’ मग त्या वाक्याशी वाद घालायचा. यादीत अजून अकरा शाळा आहेत. लिंक काल रात्री आली. नामुष्की वाटली हे खरे, सहन होत नाही हे खोटे. वाद घातल्याने लिंक भरली जात नाही, पण चौथीतला एखादा पोरगा विनाकारण ओरडा खात नाही.

दोन दिवसांत काय बसते

लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक ते तीन तासांच्या छोट्या प्रशिक्षणाचा नमुना दिला, आणि त्यानेही प्रश्नावलीतले गुण थोडे वाढतात असे दाखवले. हा आकडा अधिकाऱ्यांना मोहात पाडणारा आहे. तीन तासांत होत असेल तर एका दुपारी अख्खा तालुका उरकता येईल! पण कंपनीतला कर्मचारी प्रशिक्षण संपवून आपल्या टेबलाशी जातो, तिथे दहा सहकारी असतात. पाड्यावरचा गुरुजी एकटा परततो.

वेळ नाही असे नाही. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शिक्षकाने दरवर्षी ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत म्हणते. २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात शिक्षकाच्या वैयक्तिक-सामाजिक गुणांवर स्वतंत्र घटक होता. शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषदही भरतेच. मला पटणारा आराखडा असा: सुरुवातीला एक पूर्ण दिवस, ज्यात ध्येय-वाटा-अडथळे हा कागद आणि तीन रकान्यांचे पान करून घ्यायचे. मग चार महिने प्रत्येक शिक्षण परिषदेत पाऊण तास, फक्त ‘ठरवले होते त्याचे काय झाले’ यासाठी. मधे एकदा जोडीच्या शाळेला भेट. या पाऊण तासात परिपत्रके वाचायची नाहीत, एवढी एकच अट. पाळायला हीच सर्वांत कठीण जाईल.

मोजायचे कसे

यासाठी २४ विधानांची प्रश्नावली प्रचलित आहे, चारही गुणांवर सहा-सहा विधाने, प्रत्येकाला सहा पर्याय. ती मुळात कंपन्यांतल्या नोकरदारांसाठी घडवलेली. नुसता अनुवाद करून ती मास्तरांच्या हाती दिली तर उत्तरे मिळतील, अर्थ मिळेलच असे नाही. शिवाय वर नाव, शाळा आणि यू-डायस क्रमांक लिहायला लावून ती साहेबांसमोर भरून घेतली, तर सगळा तालुका अत्यंत आशावादी निघेल.

त्यापेक्षा बरी रीत अशी: नाव न घेता, खुणेच्या अंकाने. आधी शहापूरच्या काही केंद्रांना प्रशिक्षण, मुरबाडच्या तशाच केंद्रांना तीन महिन्यांनी. सुरुवातीला एकदा आणि मधल्या काळात एकदा, दोन्हीकडे एकाच आठवड्यात मोजणी. हे आवश्यक आहे, कारण मार्चअखेरचे मन आणि दिवाळीच्या सुटीनंतरचे मन एकाच माणसाचे असले तरी एक नसते. प्रशिक्षणाआधी परीक्षेच्या गर्दीत मोजले आणि नंतर सुटीवरून आल्यावर मोजले, तर श्रेय सुटीचे आणि प्रमाणपत्र प्रशिक्षकाला. आणि तिसऱ्यांदा, सहा महिन्यांनी, विधाने बाजूला ठेवून एवढेच विचारायचे: तो कागद अजून आहे का?

मनाकडे काय मागू नये

रिक्त पद भरणे हे शिक्षकाच्या मनाचे काम नाही. एकट्याने चार इयत्ता शिकवणाऱ्याला सावरण्याची ताकद शिकवता येते, पण त्याला खरा हवा असतो तो दुसरा शिक्षक. तेव्हा प्रशिक्षणाच्या दिवशी फळ्यावर दोन याद्या कराव्यात. एकीत माझ्या हातातले: शेजाऱ्याशी बोलणे, वाटा शोधणे, मधला रकाना. दुसरीत कार्यालयाच्या हातातले: पद, छप्पर, पाणी, एकच माहिती पाच ठिकाणी भरायला लावणे. दुसऱ्या यादीची प्रत गट साधन केंद्रातून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी, आणि पुढच्या परिषदेत तिच्यावर काय झाले तेही सांगितले जावे. ही यादी गिळून टाकणारे प्रशिक्षण शिक्षकांना लगेच ओळखू येते.

आणखी एक हद्द आजाराची. दोन-तीन आठवडे झोप उडालेली, कशातच रस नाही, जगणे नकोसे वाटते, हे भांडवल कमी असल्याचे लक्षण नव्हे, तिथे उपचार लागतात. प्रशिक्षकाने ते ओळखून बाजूला घेऊन बोलावे, सगळ्यांसमोर नव्हे. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. पाच नंबरांच्या त्या कागदावर सहावा हा लिहून घ्यावा.